मागे ठेवलेली साखळी

एप्रिल लागला की आमच्या बंदरात क्रेन येते. हिवाळाभर धक्क्यावर लाकडी टेकूंवर उभ्या असलेल्या बोटी रुंद पट्ट्यांत अडकवून एकेक करून उचलायच्या आणि अलगद पाण्यात सोडायच्या, हा एडिनबराच्या आमच्या टोकाचा वसंत. झाडांना पालवी फुटते ती नंतर, आणि तीही नाखुशीने. त्याआधी बोटींच्या पोटाला लावायच्या रंगाचा उग्र वास खिडकीतून घरात शिरतो. समुद्रावरून धुकं येतं, समोरचा किनारा पुसून टाकतं, आणि त्या धुक्यात कुठेतरी कुणीतरी ब्रशने काहीतरी खरवडत असतं.

मग साखळ्यांचे आवाज सुरू होतात. नांगराची साखळी वर्षातून एकदा कप्प्यातून सगळीच्या सगळी बाहेर काढायची आणि धक्क्यावर नागमोडी मांडायची. गंज कुठे धरलाय, कुठली कडी झिजलीय ते बघायचं, आणि ठरावीक अंतरावरचे रंगाचे पट्टे नव्याने रंगवायचे, म्हणजे नांगर टाकताना किती साखळी पाण्यात गेली ते वरून कळतं. आमची बोट तशी चार कुटुंबांत मिळून आहे, पण हे काम माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, स्वतःकडे घेतलंय. तो गुडघ्यांवर बसून लाल, पिवळे, निळे पट्टे काढतो आणि मी थर्मासमधला चहा घेऊन शेजारी उभी राहते. साखळी कप्प्यातून बाहेर येतानाचा तो खडखडाट ऐकला की मी थर्मास घट्ट धरते. इतकी वर्षं झाली, अजून धरते.

मी जात्याच भित्री. हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. मी सोलापूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला एक दिवसाआड येणारी गोष्ट. ते भरून ठेवायचं असतं, झाकायचं असतं, पुरवायचं असतं. त्यात बायकांनीही पडायचं असतं हे मला बावीस-तेवीस वर्षांची होईपर्यंत ठाऊक नव्हतं. मुलगे पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत उड्या मारायचे आणि आम्ही मुली काठावर कपडे सांभाळत बसायचो. विहिरीत वाकून बघितलं की खालून एक गार श्वास अंगावर यायचा. तेव्हापासूनच मला पाण्याचं भय आहे. असल्या बाईने शिडाच्या बोटीच्या वेडाने झपाटलेल्या माणसाशी लग्न करावं, याला काय म्हणायचं? अर्थात लग्न झालं तेव्हा मिलिंदही पुण्यातल्या कोरड्या ठणठणीत घरातला, कॉम्प्युटरपुढे बसणारा गरीब मुलगा होता. बोटीचं खूळ एडिनबराला आल्यावर त्याच्या डोक्यात शिरलं. आमच्या दोन्हीकडच्या सात पिढ्यांत कुणी मासासुद्धा पकडला नसेल.

पण माझी खरी भीती पाण्याची नव्हतीच. परदेशात राहणाऱ्या माणसाला एक वेगळी भीती असते, ती टेलिफोनच्या तारेतून येते. अवेळी वाजलेली घंटा. मी इस्पितळाच्या औषधविभागात काम करायचे. दिवसभर औषधांच्या मात्रा तपासत असायचे आणि मनाच्या एका कोपऱ्यात सोलापूरचं घड्याळ टिकटिकत असायचं. आता तिथे जेवणं झाली असतील, आता आई अंगणात बसली असेल. रविवारी फोन व्हायचा. बाबा उचलायचे, सगळं ठीक आहे म्हणायचे, आईला द्यायचे, आणि पाचव्या मिनिटाला मागून त्यांचा आवाज यायचा, पुरे आता, बिल वाढतंय तिकडे. फोन मी केलेला असायचा, बिल माझं, पण काळजी त्यांना.

मी सांगतेय त्या वर्षी जानेवारीत आई गेली. फोन चुलतभावाचा आला. आई पाच-सहा दिवस आजारी होती, हे मला ती गेल्यावर कळलं. मधल्या रविवारीसुद्धा बाबांनी फोनवर सगळं ठीक आहे असंच सांगितलं होतं. आई झोपलीय, म्हणाले होते. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. अंगणात आईची खुर्ची उलटी करून ठेवली होती, एवढं मला दिसलं. बाबांना मी काही विचारलं नाही. ते काय उत्तर देतील याची मला भीती वाटली, आणि त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही तर काय, याची त्याहून जास्त.

मे महिन्यात त्यांना सहा महिन्यांसाठी एडिनबराला घेऊन आले. दोघांतले एकटे बाबा उरले होते, आणि हा उरलेला माणूस मला काहीही सांगणार नाही याची मला खात्री होती. त्यामुळे तो सगळा उन्हाळा मी पहारेकऱ्यासारखी वावरले. ते खोकले की मी कान टवकारायचे. त्यांच्या गोळ्यांची डबी ते फिरायला गेले की उघडून बघायचे. न्हाणीघरात जरा जास्त वेळ लागला की दाराशी जाऊन उगाचच विचारायचे, बाबा, टॉवेल आहे ना? ते आतून हो म्हणायचे. तेवढ्या एका शब्दावर माझा श्वास पुन्हा सुरू व्हायचा.

बाबांचा एक हात मला त्या उन्हाळ्यातला फार आठवतो. पानात काही वाढायला गेलं की ते तळहात आडवा धरून ताट झाकायचे. पुरे, पुरे. आग्रह केला तर आणखी खाली दाबून धरायचे. कुणाला त्रास नको, काही वाया नको, आपल्यापायी कुणाचं काही खर्ची पडायला नको. आयुष्यभर त्यांनी स्वतःला असं हात राखून वापरलं. कपाटात दोन नवे शर्ट कायम घडी घातलेले, वेळप्रसंगाला म्हणून. तो वेळप्रसंग काही केल्या यायचा नाही.

मिलिंदने त्या सप्टेंबरात एड्रियाटिक समुद्रात, क्रोएशियाच्या बेटांमधून, आठवडाभर बोट भाड्याने घेऊन फिरायचं आधीच ठरवलं होतं. बरोबर येणारं जोडपं आयत्या वेळी गळालं. मी म्हटलं, जाऊ दे, रद्द कर. मिलिंद म्हणाला, बाबांनाच घेऊन जाऊ की. सत्तरी ओलांडलेला, पोहता न येणारा, बायको जाऊन वर्ष न झालेला माणूस, आणि बोट? पण बाबांनीच, कुणास ठाऊक का, मान डोलावली. मग व्हिसासाठी लंडनला खेटे झाले. आणि मीही, चरफडत, मिलिंदबरोबर बोटीच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसले. बाबांना बोटीवर न्यायचंच असेल तर निदान सुकाणू तरी धरता यायला हवं.

तो वर्ग एका शाळेच्या गारठलेल्या खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या बाई स्कॉटिश, खणखणीत आवाजाच्या. त्यांचं एक सांगणं मला तिथल्या तिथे पटलं, कारण ते भित्र्या माणसांसाठीच होतं. त्या म्हणाल्या होत्या, लोकांना वाटतं बोट नांगर धरून ठेवतो. नांगर एकटा काही धरत नाही. तळाशी आडवी पडलेली साखळी त्याला धरू देते. खोली असेल त्याच्या चारपट साखळी सोडा, वाऱ्याची शंका असेल तर सहापट. कप्प्यात उरलेल्या साखळीचा बोटीला काडीचा उपयोग नाही, ती नुसतं ओझं. मी हे वहीत दोनदा लिहून घेतलं, आणि लिहिताना हसू आलं. आमच्या घरात कुणाला हे सांगितलं असतं तर उधळपट्टी म्हणाले असते.

आता त्या आठवड्याकडे मागे वळून बघते तेव्हा पहिले तीन-चार दिवस मला फक्त उजेड दिसतो. इतका उजेड की स्कॉटलंडहून आलेल्याला तो खोटाच वाटावा. पाइनच्या झाडांचा तापलेला डिंकाळ वास. किनाऱ्यावरच्या झाडांत बसून दिवसभर किरकिरणारे किडे. त्यांचा आवाज इतका अखंड की थोड्या वेळाने तो ऐकूच येईनासा होतो. पाणी इतकं नितळ की बोटीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसायची, आणि मला वाटायचं आपण कशाच्याही आधाराशिवाय हवेत लटकलोय. मी कठड्याला घट्ट धरून बसायचे. लोक याला सुट्टी म्हणतात.

बाबा मात्र बोटीवर रुळले. बोटीवर गोडं पाणी मोजकंच, टाकीत असेल तेवढं. मिलिंद पहिल्या दिवशी ते समजावून सांगायला लागला तर बाबा त्याच्याकडे दयेने बघायला लागले. सोलापूरच्या माणसाला हे सांगतोस? ते तांब्याभर पाण्यात अंघोळ करायचे आणि त्यातलंही थोडं उरवायचे. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायचे. आठवड्याची टाकी आम्हाला सहज पुरली. मिलिंद म्हणायचा, बाबा, तुम्ही बॉर्न सेलर आहात. बाबा खूश व्हायचे. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मी त्यांना खूश झालेलं पाहत होते. त्यामुळे त्यांचा शब्द बोटीवर जरा जास्तच चालायला लागला.

त्या दिवशी दुपारी आम्ही एका छोट्या खाडीत शिरलो. तिन्ही बाजूंनी डोंगर, एका बाजूला अरुंद तोंड, आत पाणी आरशासारखं. किनाऱ्यावर चार-सहा घरं, एक दगडी धक्का, एक दुकान. दुसरी बोट एकही नव्हती. सुकाणू माझ्या हातात होतं. मिलिंद पुढच्या टोकाला गेला, नांगर सोडायला. तिथे एका वायरीच्या टोकाला दोन बटणं असतात, एकाने साखळी सुटते, एकाने ओढली जाते. बाबा त्याच्या शेजारी कठडा धरून उभे, कसं करतात ते बघायला.

नांगर गेला. साखळी खडखडत सुटायला लागली. लाल पट्टा गेला, पिवळा गेला. आणि बाबांनी हात आडवा धरला, थेट ताटावर धरायचे तसा. पुरे, पुरे, मिलिंदराव.

मिलिंद थांबला. मला मागून त्याची पाठ दिसत होती, आणि ती पाठ दोन क्षण काय करावं या विचारात पडली होती हे मला कळलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. पण सासरेबुवा. तेही पहिल्यांदाच हसायला-बोलायला लागलेले. त्यांच्यादेखत त्यांचा शब्द खाली कसा पाडायचा? आमच्याकडे जावयाला हे जमत नाही. मिलिंद कितीही वर्षं स्कॉटलंडात राहिला असला तरी त्यालाही जमलं नाही. त्याने बटण सोडलं. मी बोट मागे घेऊन बघितली, नांगर रुतल्यासारखा वाटला. किनाऱ्यावरचं एक सुरूचं झाड आणि त्यामागची पांढरी भिंत मी डोळ्यांनी एका रेषेत धरून ठेवली. वर्गात शिकवलेलं, रेष हलली नाही म्हणजे बोट हलत नाही. रेष हलली नाही.

मागे येऊन मिलिंद माझ्या कानात कुजबुजला, बाबा झोपले की अजून सोडतो, उगाच त्यांना वाईट नको वाटायला. मी मान हलवली. मलाही ते बरोबरच वाटलं. वारा तर नावालाही नव्हता.

कुकरमध्ये खिचडी झाली, वर मेतकूट. बाबा खाली जाऊन आडवे झाले. मिलिंदला आठवलं की दुकान लवकर बंद होतं, आणि ब्रेड संपला होता. साखळीचं परत आल्यावर बघतो म्हणून तो रबरी होडी वल्हवत धक्क्याकडे गेला. मी सावलीत बसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मला थोडं निवांत वाटलं होतं, आणि मला निवांत वाटतंय या गोष्टीचीच मला धास्ती वाटायला हवी होती.

आधी किडे थांबले. दिवसभर चाललेली किरकिर एकदम बंद पडली आणि तेव्हा कळलं की ती चालू होती. मी मान वर केली. खाडीच्या तोंडाकडचं आकाश तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं. पाण्यावरून एक गडद पट्टा आमच्याकडे सरकत होता. तो वारा होता.

वारा आला तो एका बाजूने ढकलल्यासारखा आला. बोट गर्रकन वळली, साखळी ताणून एकदा कचकली, आणि आता बोटीची पाठ किनाऱ्याच्या खडकांकडे झाली. मी सुरूचं झाड शोधलं. झाड होतं. मागची पांढरी भिंत शोधली. भिंत झाडाच्या डावीकडे गेली होती. मी बघत असताना आणखी डावीकडे गेली. नांगर तळावरून घसरत होता.

इंजिनाची किल्ली हातभर अंतरावर होती. हात होते, पण ते माझं ऐकत नव्हते. धक्क्यावर मिलिंद होडी पाण्यात ढकलायला धडपडत होता आणि वारा ती त्याच्या हातातून काढून उलटी फेकत होता. तो येऊ शकणार नव्हता. खाली बाबा झोपले होते. माझ्या डोक्यात एवढंच वाक्य फिरत होतं, की आईच्या वेळी मी नव्हते, आणि आता बाबांच्या वेळी मी आहे, आणि असून काही करता येत नाही.

इंजिन सुरू झालं. मीच केलं असणार, मला आठवत नाही. बोट पुढे रेटली तरी ती नांगराशी झोंबत आडवी-तिडवी होत होती. सुकाणू सोडलं तर खडक, आणि साखळी सोडायला पुढे कुणी नाही. तेवढ्यात जिन्यातून बाबांचं डोकं वर आलं. चष्मा नव्हता. बुडू नये म्हणून घालायचं जाकीट त्यांनी आपलं आपण घातलं होतं, बंद चुकीचे लावून.

त्या एका क्षणाचा मी नंतर पुष्कळ विचार केला. खडकापासून बाबांना वाचवायचं तर बाबांनाच बोटीच्या टोकाला पाठवायला हवं होतं, जिथे लाटांबरोबर टोक माणूसभर वर जात होतं आणि आपटत होतं. ते पडले असते तर मी उडी मारू शकले नसते. मलाही पोहता येत नव्हतं. दोन्हीकडे तेच भय उभं होतं, आणि त्यातलं एक मला निवडायचं होतं. मी त्यांच्या जाकिटाच्या पट्ट्याचा हूक बोटीच्या कडेने गेलेल्या दोरीत अडकवला आणि म्हटलं, बसून जा, उभे राहू नका, पुढे जाऊन खालचं बटण दाबा.

ते बसून सरकत गेले. लहान मूल जिना उतरतं तसे, एकेक वीत. पाऊस सुरू झाला होता. मी सुकाणूला लटकून त्यांच्या पाठीकडे बघत होते. मागे खडकांवर बघायची माझी छाती नव्हती. ते पोचले. वायर हातात घेतली. साखळीचा खडखडाट सुरू झाला, आणि थोड्या वेळाने थांबला. बाबा मागे वळून माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं.

"नंदे, सगळी?"

"सगळी, बाबा."

"अगं, मागे काहीच नाही ठेवायची?"

"काही ठेवू नका. सगळी सोडा."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. खडखडाट किती वेळ चालला सांगता येणार नाही. निळा पट्टा जाताना त्यांनी मान हलवली, नाइलाजाने, आयुष्यात पहिल्यांदाच कोठार रिकामं करणाऱ्या माणसासारखी. मग आवाज थांबला. साखळीचं शेवटचं टोक बोटीला दोराने बांधलेलं असतं, तिथपर्यंत सगळी गेली होती. बोट मागे मागे गेली. मी एकदाच वळून पाहिलं. खडकांना चिकटलेले काळ्या काटेरी गोळ्यांसारखे समुद्रजीव स्पष्ट दिसत होते. मी डोळे मिटून घेतले.

मग खालून एक जड, संथ ओढ लागली. बोटीचं तोंड सावकाश वाऱ्याकडे वळलं आणि तिथे राहिलं. मी डोळे उघडले आणि झाड शोधलं, भिंत शोधली. दोघं एका नव्या रेषेत उभी होती. मी बघत राहिले. रेष हलली नाही. तरी मी बघत राहिले.

तिथली असली वादळं जशी येतात तशी जातात. थोड्या वेळाने वारा पडला आणि ऊनसुद्धा निघालं, निर्लज्जासारखं. बाबा पुढेच बसून होते, वायर हातात घट्ट धरून. मी जाऊन ती त्यांच्या बोटांतून सोडवून घेतली.

मिलिंद आला तो नखशिखान्त भिजून, शर्टाच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत ब्रेड. त्याने आधी मला बघितलं, मग बाबांना. मग त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "सॉरी बाबा. माझीच मिस्टेक. एवढ्या डेप्थला सोडली होती त्याच्या मिनिमम डबल चेन लागते, मला माहीत होतं. तुम्ही पुरे म्हणालात म्हणून मी..."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. "तुम्ही सांगायचं होतंत की, मिलिंदराव," ते म्हणाले. "मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलात, आणि पोर जात होती माझी."

रागाने नाही म्हणाले. पण म्हणता म्हणता मध्येच थांबले. मी चहा केला. टॉवेल वाळत घातले. बाबांना थंडी भरलीय का म्हणून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला, त्यांनी लावू दिला. किडे पुन्हा सुरू झाले होते. मिलिंद पुढे बसून पाण्यात बघत होता.

सूर्य डोंगराआड गेल्यावर बाबा म्हणाले, "नंदे, तुला कळवायला हवं होतं."

कशाबद्दल ते मला लगेच कळलं. जे विचारायला मी आठ महिने घाबरले होते ते आपण होऊन समोर येऊन बसलं होतं.

"ती म्हणत होती, नंदाला फोन लावा. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, होशील दोन दिवसांत बरी, पोरीला कशाला घाबरवायचं? रजा काढेल, विमानाने धावत येईल, आणि तोवर तू पोळ्या लाटत असशील." ते साखळीकडे बघत होते. "बरी होईल असंच वाटत होतं गं मला."

बाबा, जाऊ द्या, असं माझ्या ओठांवर आलं होतं. आपल्याकडे असंच म्हणतात. पण त्या दिवशी मी इतकी भ्यायले होते की खोटं बोलण्याइतकी शक्ती उरली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "कळवायला हवं होतं. मला यायचं होतं."

ते मान खाली घालून ऐकत होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही काही सांगत नाही म्हणून मी रोज घाबरते. ठीक आहे म्हणालात की जास्त घाबरते. त्यापेक्षा सांगून घाबरवा मला, बाबा. चालेल मला.

बाबांनी पुढे बोट दाखवलं, जिथे साखळी पाण्यात शिरली होती, आणि विचारलं, आता ओढून घ्यायची का थोडी? मिलिंद पुढून म्हणाला, राहू दे बाबा, सकाळपर्यंत सगळी राहू दे. बाबा बरं म्हणाले.

त्या वर्षानंतर मिलिंदने बोटीत चौथाई घेतली आणि मी एडिनबराच्या पोहण्याच्या तलावात, पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या शेजारच्या पट्ट्यात, पोहायला शिकले. वाईट पोहते, पण तरंगते. नांगर टाकताना आता पुढे मी असते. मिलिंद म्हणतो, अगं, पुरे झाली. मी आणखी सोडते. त्यावरून तो मला अजून चिडवतो. मी आजही प्रत्येक वेळी झाड आणि भिंत, खांब आणि खिडकी, असं काहीतरी रेषेत धरून ठेवते, आणि जेवतानासुद्धा मान वळवून वळवून बघते. भीती गेली नाही. ती जाईल अशी आशाही मी सोडून दिली आहे. पण भ्यायलेलं असतानाही हात चालतात, एवढं मला त्या सप्टेंबरात कळलं, आणि तेवढ्यावर माझं बरंच भागतं.

बाबा नोव्हेंबरात सोलापूरला परतले. रविवारचे फोन सुरू राहिले. पाचव्या मिनिटाला बिलाची आठवण यायची ती हळूहळू थांबली. कधी गुडघा दुखतोय म्हणून सांगायचे, कधी काल चक्कर आली म्हणून. सांगताना आवाजात थोडा संकोच असायचा, दुसऱ्याच्या घरी दुसऱ्यांदा भात मागून घेताना असतो तसा. मी फोन ठेवला की स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायचे. चालेल मला म्हणणं सोपं होतं.

आणि मग काही वर्षांनी, असाच एप्रिल, असंच धुकं. मिलिंद खाली धक्क्यावर साखळी काढत होता, तो खडखडाट खिडकीतून येत होता, आणि फोन वाजला. रविवार नव्हता. मी उचलला.

"नंदे," बाबा म्हणाले, "तुला घाबरवायला फोन केलाय."

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, तपासणीत काय निघालं, कुठल्या गोळ्या दिल्यात, आणि डॉक्टरांनी किती आशा ठेवायला सांगितली, म्हणजे फारशी नाहीच. सावकाश, एकेक करून, सगळं. मी खिडकीची चौकट धरून ऐकत होते. ते थांबले तेव्हा मला वाटलं फोन कटला. मी म्हटलं, बाबा? अजून काही आहे?

"नाही," ते म्हणाले. "एवढंच आहे. मागे काही ठेवलेलं नाही. तू ये."

मी घाबरले. बोटीवर घाबरले होते त्याहून जास्त. आणि या खेपेला वेळेवर पोचले.